विकता येणारा मासेमारी कोटा: मासा वाचतो का, आणि कोणासाठी वाचतो?

प्रश्न असा होता की आइसलँड आणि न्यूझीलंडमध्ये प्रत्येक बोटवाल्याला ठरलेला कोटा असतो, तो विकता येतो, भाड्याने देता येतो आणि त्यामुळे तिकडचा मासा वाचला असं म्हणतात, मग आपल्याकडे पापलेट, घोळ कमी होत चाललेत तर इथे तेच का आणत नाहीत. मासळीच्या साठ्याचे अंदाज बांधणं हेच माझं काम आहे, बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. पण आधी मुद्दा सांगून टाकतो: मासा वाचतो तो वर्षाला किती टन मारायचा या आकड्यामुळे, आणि तो आकडा खरंच पाळला जातोय का हे बंदरावर काटा घेऊन बघणाऱ्या माणसामुळे. कोट्याच्या खरेदी-विक्रीने ठरतं ते हे, की तो मासा कोणी मारायचा. ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक लेखांमध्ये ती एकत्र कालवलेली असतात, मग वाचणाऱ्याला वाटतं बाजार आला की समुद्र आपोआप भरतो.

सिस्टीम चालते अशी. शास्त्रज्ञ एखाद्या जातीच्या साठ्याचा अंदाज देतात, त्यावरून सरकार त्या वर्षाची एकूण मर्यादा ठरवतं, आणि प्रत्येक कोटाधारकाच्या नावावर त्या मर्यादेचा काही टक्के हिस्सा असतो. समजा तुमचा हिस्सा अर्धा टक्का आणि मर्यादा 2 लाख टन, तर तुम्ही त्या वर्षी 1000 टन मारू शकता, पुढच्या वर्षी मर्यादा दीड लाखावर आली की तुमचे 750. हिस्सा कायमचा, टन दरवर्षी बदलणार. न्यूझीलंडने 1 ऑक्टोबर 1986 ला हे सुरू केलं तेव्हा टक्के न देता ठरलेले टनच देऊन टाकले होते, म्हणजे साठा कमी निघाला तर सरकारने लोकांकडून कोटा विकत घेऊन कमी करायचा. मग ऑरेंज रफी नावाचा खोल समुद्रातला मासा, जो शंभर वर्षांपेक्षा जास्त जगतो आणि वयात यायलाच त्याला पंचवीस-तीस वर्षं लागतात, त्याचे सुरुवातीचे अंदाज फारच आशावादी निघाले आणि कपातीचं बिल सरकारच्या अंगावर येणार असं दिसायला लागलं. 1990 मध्ये त्यांनी टनांवरून टक्क्यांवर उडी मारली. तेव्हापासून नवीन सिस्टीम आखणारे सहसा टनांच्या वाटेला जात नाहीत.

आता याचा खरा फायदा कुठे झाला ते आधी सांगतो, कारण तो झालाय आणि मोठा आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आणि अलास्कात हॅलिबट नावाचा मोठा चपटा मासा मारतात. पूर्वी तिथे एकूण मर्यादा होती पण कोणाचा वेगळा हिस्सा नव्हता, म्हणजे सीझन उघडला की जो आधी मारेल त्याचा, आणि एकूण आकडा भरला की सगळ्यांचं बंद. मग प्रत्येकाने मोठं इंजिन घेतलं, जास्त गळ लावले, आणि वर्षभराचा मासा इतका झटपट संपायला लागला की ब्रिटिश कोलंबियातला सीझन 1990 मध्ये फक्त 6 दिवसांवर आला. अलास्कात तर चोवीस-चोवीस तासांसाठी समुद्र उघडायचे. त्या चोवीस तासांत वादळ असलं तरी बोट काढावीच लागायची, कारण नाही काढली तर वर्ष गेलं, त्यात माणसं बुडाली. आणि एवढा सगळा मासा एकदम बंदरात आल्यावर ताजा विकणार कोणाला, सगळा फ्रीजरमध्ये आणि भाव पडलेला. ब्रिटिश कोलंबियाने 1991 ला आणि अलास्काने 1995 ला प्रत्येकाचा हिस्सा ठरवून दिला, तसा सीझन आठ महिन्यांच्या आसपास गेला, लोक हवामान बघून जायला लागले, ताजा हॅलिबट बाजारात दिसायला लागला, भाव वाढला. माझा हिस्सा माझ्याच नावावर आहे, कोणी पळवणार नाही, एवढ्या खात्रीनेच शर्यत थांबते. हे मला मनापासून पटतं आणि कोट्याला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी हे आधी वाचावं असं वाटतं.

पण शर्यत थांबणं आणि साठा वाचणं एकच नाही, आणि हे आइसलँडच्या कॉड नावाच्या माशात जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आइसलँडने आपली हद्द 1952 मध्ये 4 मैल, 1958 मध्ये 12, 1972 मध्ये 50 आणि 1975 मध्ये 200 मैल अशी वाढवत नेली, त्यासाठी ब्रिटनच्या नौदलाशी जाळी कापाकापीपर्यंत भांडले, आणि 1976 मध्ये ब्रिटिश ट्रॉलर शेवटी निघून गेले. लोकांना वाटलं आता मासा आपला, आता प्रश्न संपला. पण स्वतःचे ट्रॉलर वाढले आणि 1981 ला साडेचार लाख टनांच्या वर गेलेली कॉडची पकड 1983 मध्ये 3 लाखांच्या आसपास आली. मग 1984 मध्ये कॉडसकट तळाच्या माशांसाठी प्रत्येक बोटीला कोटा आला, तोही 1981 ते 1983 या तीन वर्षांत त्या बोटीने किती मारलं होतं त्या हिशोबाने. हेरिंग नावाच्या माशात हे त्याआधीच, सत्तरच्या दशकातच सुरू झालं होतं.

तर कोटा आला, पुढे खरेदी-विक्री पण आली, 1990 च्या कायद्याने सगळ्या मुख्य जातींना एकच सिस्टीम लागू झाली, आणि कॉड? कॉड आणखी खाली गेला. 1995 च्या सुमाराला पकड 1 लाख 70 हजार टनांच्या आसपास होती. कारण सरळ होतं. राजकारणी मंडळी शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा बरीच जास्त मर्यादा ठरवत होती, आणि सुरुवातीच्या वर्षांत कोट्याऐवजी ठरावीक दिवस मासेमारीचा पर्याय ठेवला होता, लहान बोटींना वेगळी सूट होती, या सगळ्या फटींतून एकूण आकडा दरवर्षी फुटत होता. म्हणजे कागदावर जगातली सगळ्यात आधुनिक बाजारपेठ आणि पाण्यात मासा कमी.

पलटलं ते नियमाने. 1995 मध्ये ठरलं की पकडण्याजोग्या कॉडच्या एकूण वजनाच्या 25 टक्केच मारायचा, मंत्र्याची मर्जी काय आहे ते बघायचं नाही. तेही पुरेसं निघालं नाही, तेव्हा 2007 मध्ये वर्षाची मर्यादा 1 लाख 93 हजार टनांवरून थेट 1 लाख 30 हजार टनांवर आणली. एका झटक्यात तिसरा हिस्सा कमी, आणि देशाची निर्यात माशावर चाललेली. पुढे प्रमाण 20 टक्क्यांवर आणलं. त्यानंतर दहाएक वर्षांत साठा इतका सुधारला की मर्यादा अडीच लाख टनांच्या वर गेली. आता यात विकता येणाऱ्या कोट्याचा वाटा काय, तर एवढाच की कपात झाली तेव्हा मोठ्या धारकांना ती गिळता आली, कारण साठा वाढला तर आपला टक्का पण महाग होणार हे त्यांना दिसत होतं. हा वाटा कमी नाही. पण 25 टक्क्यांचा नियम आणि 2007 ची कपात नसती तर नुसता टक्क्यांचा बाजार कॉडला वाचवू शकला नसता, 1984 ते 1995 ची वर्षं त्याचा पुरावा आहेत.

2008 साली सायन्स या नियतकालिकात आलेला अभ्यास या चर्चेत नेहमी पुढे केला जातो, 11,135 मत्स्यव्यवसाय तपासले, त्यातल्या कोटा-हिस्सा असलेल्या 121 मध्ये साठा कोसळण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या साधारण निम्मं. चांगला अभ्यास आहे, मी तो नाकारत नाही. पण ते 121 बघा कुठले आहेत, बहुतेक न्यूझीलंड, आइसलँड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका. जिथे आधीच वजन होतं, नोंद होते, चोरी पकडली जाते, कोर्ट चालतं. त्यातला किती गुण हिश्श्याचा आणि किती मोजणीचा हे वेगळं काढणं फार अवघड आहे.

आइसलँडमध्ये मोजणी कशी होते ते ऐका. बंदरात येणारा प्रत्येक कॅच अधिकृत काट्यावर, लायसन्स असलेल्या माणसाने मोजायचा, आकडा मत्स्य संचालनालयाकडे जातो, आणि कुठल्या बोटीने किती कोटा वापरला हे कोणालाही इंटरनेटवर बघता येतं. शेजारच्या बोटवाल्यालाही. मासा समुद्रात परत फेकायला बंदी. आणि चुकून कोट्याबाहेरचा मासा आला तर वर्षाच्या तळमाशांच्या पकडीच्या 5 टक्क्यांपर्यंत तो कोट्यात न धरता बंदरात उतरवता येतो, लिलाव होतो, त्यातले 20 टक्के बोटीला आणि बाकी संशोधनाच्या फंडाला. हा नियम मला फार आवडतो, कारण मासा फेकून द्यायचा मोह पण कमी होतो आणि मुद्दाम जास्त मारायला परवडत पण नाही.

आता दुसरी बाजू, जी किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आधी दिसते. 1984 चा कोटा कोणाला मिळाला? बोटमालकाला. खलाश्याला नाही, मासळी कापणाऱ्या बाईला नाही, गावाला तर नाहीच. मालकाने विकला की गावाचा कामधंदा त्याच्याबरोबर दुसऱ्या बंदरात गेला. देशाच्या वायव्येकडच्या पश्चिम फ्योर्ड भागातली खेडी यात मोडली, तिथल्या फ्लातेयरी गावात 2007 ला तिथल्या मुख्य कंपनीने कोटा विकून गाशा गुंडाळला आणि शंभरावर लोकांची नोकरी गेली, गावच काही शे लोकांचं. कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की मासळी राष्ट्राची सामायिक मालमत्ता आहे, पण व्यवहारात कोटा तारण ठेवून कर्जं काढली गेली, भाव फुगले, आणि 2008 मध्ये बँका बुडाल्या तेव्हा मासेमारी कंपन्यांच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. एका कंपनीकडे एकूण कोट्याच्या 12 टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी मर्यादा आहे, तरी मोठ्या दहा कंपन्यांकडे मिळून निम्म्याहून जास्त कोटा आहे. डिसेंबर 1998 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नवीन लोकांना दार बंद ठेवणं घटनेत बसत नाही असं सांगितलं, 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर म्हटलं की ही वाटणी भेदभाव करणारी आहे. 2004 पासून कोटाधारकांवर संसाधन शुल्क आलं, आणि 2009 मध्ये उन्हाळ्यात लहान बोटींना कोट्याशिवाय गळाने मासेमारी करता यावी म्हणून वेगळा छोटा हिस्सा काढला. म्हणजे पहिल्या दिवशी जे वाटलं ते नंतर पंचवीस वर्षं दुरुस्त करत बसले आणि अजून ते भांडण मिटलेलं नाही.

न्यूझीलंडमध्ये तर पहिल्या वाटणीवरून प्रकरण थेट 1840 च्या वैतांगीच्या करारापर्यंत गेलं, म्हणजे तिथले मूळ रहिवासी माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या करारापर्यंत. कोटा यायच्या आधी पार्टटाइम मच्छीमारांना यादीतून काढलं होतं आणि त्यात माओरी खूप होते. 1987 मध्ये माओरी कोर्टात गेले आणि नवीन जाती कोट्यात घ्यायला स्थगिती मिळाली. 1989 च्या कायद्याने त्यांना 10 टक्के कोटा द्यायचं ठरलं, 1992 च्या समझोत्यात सीलॉर्ड या मोठ्या कंपनीचा अर्धा वाटा आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या जातीच्या कोट्यातले 20 टक्के मिळाले. आज माओरी तिथल्या मासेमारीतले सगळ्यात मोठे कोटाधारक आहेत, ही चांगलीच गोष्ट, पण बरेच हिस्से भाड्याने दिले जातात आणि गावातल्या पोराला बोटीवर काम मिळतंच असं नाही.

मला स्वतःला अलास्काची आखणी जास्त शहाणी वाटते. तिथे हॅलिबटचा कोटा बोटीच्या साईजनुसार वर्गात बांधलाय, एकाने किती ठेवायचा त्याला कमाल मर्यादा, नव्याने विकत घेणाऱ्याकडे 150 दिवस बोटीवर काम केल्याचा अनुभव हवा, आणि बऱ्याच वर्गांत मालकाने स्वतः बोटीवर असलं पाहिजे. अर्थशास्त्रवाले म्हणतात यामुळे कार्यक्षमता कमी होते. होत असेल थोडी. पण कोटा मुंबईतल्या (किंवा सिएटलमधल्या) ऑफिसात बसून भाडं खायचं साधन होत नाही, त्याची किंमत म्हणून ती कमी मला चालते.

अजून एक अडचण, आणि आपल्यासाठी ही सगळ्यात मोठी. हॅलिबट गळाने मारतात, एका वेळी एक जात. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, मात्र सगळं उचलतो. तुमच्याकडे एका जातीचा कोटा आहे आणि दुसरीचा संपलाय, तर त्या दुसऱ्या जातीचं काय करायचं? न्यूझीलंडने यावर तोडगा काढला की वर्षाचा हक्क वेगळा विकत घेता येईल, आणि तोही नाही मिळाला तर जास्तीच्या माशावर ठरावीक रक्कम सरकारला भरायची. कल्पना चांगली, पण ती रक्कम कमी ठेवली तर लोक पैसे भरून खुशाल मारतात, जास्त ठेवली तर मासा समुद्रातच फेकतात, आणि बरोबर मधली रक्कम प्रत्येक जातीला, प्रत्येक वर्षी शोधायची म्हणजे सोपं नाही. 2016 मध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी अंदाज मांडला की 1950 ते 2010 या काळातली खरी पकड नोंदवलेल्या पकडीच्या 2.7 पट असावी, सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पण बोटींवर कॅमेरे लावायची वेळ आलीच.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राच्या पाण्यात एका ट्रॉलच्या ओढीत किती जाती येतात ते मुंबईत ससून डॉकला किंवा रत्नागिरीत मिरकरवाड्याला सकाळी उभं राहिलं की कळतं. बोंबील, मांदेली, जवळा डोलीत (प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात), पापलेट गिलनेटमध्ये (पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या जाळ्यात), बांगडा-तारली पर्ससीनमध्ये (थव्याभोवती वेढा घालायच्या जाळ्यात), कोळंबी-माकूल ट्रॉलमध्ये आणि या प्रत्येकात बाकीच्यांची पिल्लं. मासळी उतरते ती मोठ्या बंदरांत आणि कितीतरी लहान खाड्यांवर, वाळूवर, तिथे काटा कुठला आणि नोंद कोण करणार. सध्याचे आकडे सॅम्पलवरून काढलेले अंदाज असतात, साठ्याचा कल कळायला ते उपयोगी आहेत, मी रोज तेच वापरतो, पण त्यावरून अमुक बोटीने 40 किलो जास्त मारलं असा दंड लावता येत नाही. राज्याची हद्द 12 सागरी मैल. सिंधुदुर्गात कर्नाटकचे ट्रॉलर येतात, उत्तरेत गुजरातच्या बोटी, मासा तर कुठलीच हद्द पाळत नाही. एका राज्याने कोटा लावला आणि शेजारच्याने नाही, तर आपण राखायचा आणि त्यांनी मारायचा. उत्तर अटलांटिकमध्ये मॅकरेलच्या (आपल्या बांगड्यासारख्या माशाच्या) बाबतीत नेमकं हेच झालं, आइसलँड, नॉर्वे, फेरो बेटं, युरोपियन युनियन यांनी आपापला कोटा ठरवला आणि बेरीज केली तर शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या बरीच वर. प्रत्येकाकडे घरी उत्तम सिस्टीम असून.

आणि कर्ज. आपल्याकडे डिझेल, बर्फ, जाळी यासाठी व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि मासळी त्यालाच द्यायची असते. अशा ठिकाणी विकता येणारा वैयक्तिक कोटा वाटला तर एका वाईट सीझननंतर तो कोणाकडे जमा होईल हे सांगायला अभ्यास लागत नाही. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे, आत्ताच्या परिस्थितीत वैयक्तिक, विकता येणारा कोटा इथे आणू नये.

पण हक्काची कल्पना इथे परकी नाही, हेही सांगायला हवं. पालघर-वसई पट्ट्यात डोलीच्या कव मारायच्या (जाळं बांधायला खुंट ठोकायच्या) जागा गावागावाच्या ठरलेल्या आहेत, त्यावरून भांडणं होतात ती हक्क मानला जातो म्हणूनच. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, वाटे पडतात. हे हक्क जागेचे आणि वाट्याचे आहेत, वजनाचे नाहीत, आणि ते माणसाचे एकट्याचे कमी, गावाचे जास्त. जे काही आणायचं ते यावर उभं करावं.

सध्या 1 जून ते 31 जुलै बंदी आहे आणि 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. किमान आकार पाळला गेला तर कोट्याआधी बराच फरक पडेल, आणि तो बंदरावर पट्टी लावून तपासता येतो, त्याला साठ्याचा अंदाज लागत नाही.

मला कोणी विचारलं की कोट्याचा प्रयोग करायचाच झाला तर कुठे, तर मी पापलेट म्हणेन आणि सातपाटी-पालघर म्हणेन. महाग मासा, त्यामुळे मोजायचा खर्च निघतो. तिथल्या सहकारी संस्था पापलेट साईजप्रमाणे, वजन करून, नोंद ठेवून विकतात, म्हणजे काटा आणि वही आधीच आहे. कोटा द्यायचा तो संस्थेला, माणसाला नाही. संस्थेने आपल्या सभासदांत वाटायचा, एका बोटीचा सीझन वाया गेला तर तिचा त्या वर्षापुरता वाटा दुसऱ्या सभासदाला देता यावा, पण संस्थेबाहेर विक्री नाही, तारण तर अजिबात नाही. पहिली दोन-तीन वर्षं मर्यादा लावायचीच नाही, फक्त प्रत्येक बोटीचं वजन लिहायचं आणि ते गावात सगळ्यांना दिसेल असं लावायचं. आणि डोलीत सापडणारं बारीक पापलेट पहिल्या दिवसापासून त्याच वहीत धरायचं, कारण ते वर्षाचं होण्याआधीच जाळ्यात जात असेल तर गिलनेटवाल्याला कितीही काटेकोर कोटा लावला तरी त्याच्या जाळीपर्यंत पोचायला मासाच उरणार नाही, आणि त्यासाठी डोलवाले आणि गिलनेटवाले एकाच बैठकीत बसायला लागतील, तेही दोन्ही बाजूंच्या गावांतून.